टोकाला टोकन

उजेडाला वाट बघता येत नाही.
एवढं एकच वाक्य हानलेनने
गेंटच्या प्रयोगशाळेत, फळ्याच्या कोपऱ्यात,
भोवती चौकोन आखून लिहिलं होतं,
खाली बारीक अक्षरात: पुसू नये.

तांब्याच्या तारेतला निरोप नाक्यावर थांबतो,
रांगेत उभा राहतो, दुसऱ्याला पुढे सोडतो.
सिलिकॉनच्या गल्लीतला उजेड मात्र
निघाला की निघाला.
त्याला ओटा नाही, ओसरी नाही,
टेकायला साधी पायरी नाही.
म्हणून सगळं आधीच ठरवायचं:
कुणाची पाळी, कोणता रंग,
केसाहून बारीक कोणती कडी किती तापवायची
म्हणजे तो नेमका तिथेच वळेल.

नखाएवढ्या चिपवर चौसष्ट गाभे.
घरून क्षणाक्षणाला एक ठिपका सुटतो, प्रकाशाचाच.
तेच टोकन.
गिळेल त्याने बोलावं.
न गिळलेला फिरून घरी.

नियम देखणा होता.
पण रात्री दोनला, ट्रामही झोपल्यावर,
पडद्यावर आकडे उतरत गेले
आणि त्रेसष्टाव्यापुढे शून्य.
(मोजणी शून्यापासून, म्हणजे हाच शेवटचा.)
पुन्हा चालवलं.
शून्य.

घराजवळचे आठ-दहा
ठिपका दिसताच झडप घालत होते.
हाजिर तो वजीर.
वाढपी पंगतीच्या टोकाला पोचायचा
तो रिकामं भांडं घेऊन.
सरासरी मात्र इतकी चांगली,
की प्रोफेसर फान हुल्लेंनी कालच
तिच्यासाठी केक आणला होता.

रविवारी ती वडिलांकडे गेली.
एकतीस वर्षं कालव्यावरचा उचलता पूल सांभाळलेला ओडिलॉन
ओट्याशी उभा राहून चिकोरीचे बुडखे कापत होता.
तिने चिपबद्दल काही सांगितलं नाही.
एवढंच विचारलं,
वाळूच्या मोठ्या बोटी एकामागून एक येत असताना
मागे अडकलेल्या होडीला तू कसं काढायचास?

मी कुठे काढायचो, तो म्हणाला.
बोटवाल्यांना सांगून ठेवायचो.
एकदा गेलास ना? मग आता
रांगेची शेपटी मोकळी झाल्याचं मी सांगेपर्यंत
भोंगा वाजवायचा नाही.

आणि ऐकायचे?

एक सोडून सगळे.
त्याच्याशीच तुझ्या आत्याने लग्न केलं.

सोमवारी तिने चार ओळी बदलल्या.
ज्याने ठिपका गिळला
त्याने यापुढे भूक असली तरी गप्प बसायचं.
एखादा ठिपका कुणीच न शिवता
टोकापर्यंत जाऊन घरी आला,
की सगळे पुन्हा मोकळे.

वेग दोन टक्क्यांनी उतरला.
हे दोन टक्के गेले कुठे,
फान हुल्लेंनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.
तिने बोटाने शेवटची ओळ दाखवली.
ते बराच वेळ बघत राहिले.
हं, म्हणाले. केकबद्दल काही बोलले नाहीत.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
त्रेसष्टाव्याचा पहिला निरोप तिने उघडून पाहिला.
स्मृतीच्या एका कप्प्यात काय आहे,
एवढीच चौकशी.
इतकी जुनी, की तो कप्पा
केव्हाच दुसऱ्याच कशाने तरी भरला होता.

तिने खिडकी लावून घेतली.
गार वारा आला की कड्या आकसतात,
रंग घसरतात,
एकाचं दुसऱ्याला ऐकू जातं.

दुसरा निरोप वेळेवर आला.