वरची दोन छिद्रं

ॲक्रनमध्ये दर शनिवारी ओडेसाच्या दुकानात
मी लोकांच्या पँटी आखूड करते.
आखूड म्हणजे किती, ते बूट ठरवतो:
उंच गळ्याचा, कॅनव्हासचा, चाळीस वर्षांपूर्वीच्या तऱ्हेचा,
तळवा मुद्दाम पिवळट, चहात बुडवून काढल्यासारखा.
बुटाचा गळा दिसला पाहिजे, मोजा दिसता कामा नये.
दोन बोटं दुमड. तीन केली तर माणूस शाळकरी दिसतो,
एक केली तर विसरल्यासारखी वाटते.

वरून जाड कापडाचं कामगारी जाकीट,
सुताराची पँट, मांडीशी हातोडीचा फासा.
त्या फाशात हातोडी मी अजून पाहिलेली नाही.
एकाने छत्री अडकवली होती,
एकीने कुत्र्याची साखळी, कुत्र्यासकट.

इचलकरंजीला आई मागावरच्या माणसांचे
खाकी कपडे शिवायची.
ठिगळ असं लाव, म्हणायची, की कुणाला कळू नये.
इथे ते कळावं म्हणून लावते
आणि अठरा डॉलर घेते.
बूट तर काचेआड, डोळ्यांच्या उंचीवर, दिव्याखाली.
पायीची वहाण पायीच बरी,
असं ओडेसाला समजावून सांगितलं एकदा.
ती म्हणाली, पायात गेली की निम्मी किंमत.

परवा कॉर्बिन आला. बँकेत आहे, नखं स्वच्छ.
त्याने निळं जाकीट निवडलं,
खिशावर लाल दोऱ्याने नाव: ऑर्विल.
उसवून देऊ का, मी विचारलं.
तो दचकलाच. अहो, नावाचेच तर पैसे!
पायात लाल उंच बूट, नाडी शेवटच्या छिद्रापर्यंत
करकचून, जणू कुणी तपासायला येणार आहे.
आरशापुढे खांदे पाडून उभा राहिला,
पाळी संपवून आल्यासारखा.
खांदे पडले. थकवा काही येईना.

तेवढ्यात मिस्टर हॅझलिप आले, चेन बदललेली पिशवी न्यायला.
रबराच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
आता पायात चिकटपट्टीचे पांढरे बूट.
त्यांनी पोराच्या छातीवरचं नाव वाचलं.
चष्मा काढून पुन्हा वाचलं.
टाचण्या तोंडात, त्यामुळे मी गप्प.

ऑर्विल डाव्या खिशात मीठ ठेवायचा, ते म्हणाले,
पुडीत. उकडलेल्या अंड्यासाठी.
कॉर्बिनने खिशात हात घातला.
मीच ते जाकीट तीनदा धुतलं होतं.

मग त्यांची नजर खाली गेली.
हेच. अगदी हेच बूट.
लोखंडी टोपीचे जोडे गेटपाशी काढायचो,
हे घालायचो, जाकीट अंगावर तसंच, काजळीसकट,
आणि चर्चमागच्या आवारात बास्केटबॉल, उजेड असेतो.
कपडे बदलत कोण बसणार?

खिडकीतल्या पुतळ्यावर ओडेसाने चढवलेली ही जोडी
म्हणजे कुणी जुळवलेली नव्हतीच.
घाई होती, आणि दिवस लवकर मावळायचा.

फक्त ही वरची दोन छिद्रं मोकळी सोड, हॅझलिप म्हणाले.
दहा तास उभं राहून घोटे सुजायचे.
तिथवर कुणाचीच नाडी पोचायची नाही.

कॉर्बिन वाकला, नाडी ओढून काढली.
बुटाची जीभ पुढे लवंडली
आणि पोराला एकदम उभं राहता आलं.
ओडेसाने पेन शोधलं. दोन छिद्रं, तिने पाटीवर लिहिलं,
आणि खाली रेघ मारली.

मी त्याच्या पायाशी, गुडघ्यावर, हातात खडू.
बूट सैल झाला तसं माप बदललं.
जुनी खूण झटकली, अर्धं बोट खाली नवी ओढली.
तेव्हा माझा स्वतःचा जोडा दिसला:
वरची नाडी सुटलेली,
सकाळी नवापासून असावी.
मी ती तशीच ठेवली
आणि म्हटलं, आता दुसरा पाय.