अनामिका

ग्रिम्स्बीच्या गोदीमागे, सट्ट्याच्या दुकानावर दुसरा मजला.
जिन्यात धुरी दिलेल्या मासळीचा वास.
सॉलिसिटर हेस्टर ब्लँचर्ड चष्मा पुसते, विचारते,
"बटणं कोण लावतं तुमची?"

डेरेक स्टॅमर्स गप्प.
मग म्हणतो, "स्वेटरच घालतो आता."
ती लिहून घेते, तारखेसकट.

यंत्राला जाळी नव्हती, हे त्याने तीनदा सांगितलं.
तिला हवं होतं ते भलतंच :
लग्नाची अंगठी कुठे असते सध्या,
अ‍ॅकॉर्डियन कुणी नेला, केवढ्याला,
त्या संध्याकाळी फरशी धुवायची घाई कुणाला झाली होती.
कायद्याच्या तक्त्यात बोटाला भाव आहे,
सवयीला नाही.
सवय एकेक करून मांडावी लागते,
भांडी मोजावीत तशी.

बाहेर बाकड्यावर विनिफ्रेड आणि तिचा भाऊ,
मधे एका माणसाची जागा सोडून.
बापाच्या धुरीघराचं नाव दोघांनाही हवंय :
डब्यावरची निळी बोट, खाली आडनाव.
त्यासाठी नोंदणी, हरकती, दोन वर्षांची पत्रं.

आणि आत,
ज्या बोटाला आपण नावसुद्धा दिलं नाही,
अनामिका म्हणून मोकळे झालो,
त्याची पहिल्यांदाच फाईल उघडते.

शेजारची दोन वाकत नाहीत.
डेरेक उजव्या हाताने सही करू लागतो,
कागद सरकतो.
हेस्टर काही बोलत नाही.
टेबलावरून हात लांबवून
कागदाची डावी कड
धरून ठेवते.