कलम नऊ (ग)

रम्सहून खमीस ओबेद यांचा फोन आला, बुधवारी,
मी डबा उघडत होते.
छतावर पवनचक्की बसवलीय, म्हणाले, लहानशी,
तिचा विमा पाहिजे.

आमच्या फॉर्ममध्ये घर आहे, घरातलं सामान आहे,
मोलकरीण, दागिने, गाडीची शेड,
पाण्याची टाकी, डिश अँटेना.
एकाने ससाण्याचा उतरवला होता,
तोही बसला ‘इतर’मध्ये.
पवनचक्कीला रकाना नाही.
आणि कलम नऊ (ग) म्हणतं:
वाऱ्यामुळे झालेलं नुकसान
वगळून.

मी दुबईला विचारलं. कुरियनसाहेब हसले.
माशाचा विमा, म्हणाले, पाणी वगळून.
मग न हसता सतरा प्रश्न पाठवले:
खांबाची उंची, पात्यांचा व्यास, ब्रेक आहे का,
शेजाऱ्याची भिंत किती अंतरावर,
पातं सुटलं तर कुणाच्या डोक्यावर.

म्हणून गेले. डावीकडे खाडी, तिवरं,
उजवीकडे उघडे डोंगर.
जिन्याशी मी चपला काढू लागले, ते नको म्हणाले,
छत तापलेलं होतं.
तिथे ती. तीन पाती, पांढरी,
एकावर कबुतराची शीट.
फिरत नव्हती.
‘थांब,’ ते हळूच म्हणाले,
झोपलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं,
‘चारला येतो.’

चार वाजून दहा मिनिटांनी खाडीकडून आला.
वेंगुर्ल्याच्या शाळेत पाठ केलं होतं,
दिवसा खारे, रात्री मतलई,
पाच मार्कांचा प्रश्न, आकृतीसह.
आकृतीतला बाण माझ्या ओढणीत शिरला
आणि पाती हलली,
आधी नाइलाजाने, मग दिसेनाशी.

काय चालतं हिच्यावर?
मागल्या दाराचा दिवा.
आणि शेळ्यांचा पंखा.
मी लिहिता लिहिता थांबले.
वाऱ्याची वीज, विजेचा वारा,
मधल्यामध्ये साडेआठ हजार दिरहम.
‘शेळ्यांपर्यंत पोचत नाही ना तो,’ ते म्हणाले,
‘भिंत आहे.’

भिंत उम्म राशिदची. ती पलीकडून बोलली,
दिसली नाही:
रात्री हे यंत्र कण्हतं, लिही.
मी लिहिलं.

घसारा कसा धरायचा? पहिल्याच उन्हाळ्यात
बोल्टना मीठ लागलेलं.
गंजही वगळलेला, कलम अकरा.
वारा नाही, गंज नाही, जुनं होणं नाही,
उरलं काय तर वीज पडणं, चोरी
आणि विमान कोसळणं.
खमीस ओबेदनी वर पाहिलं, बराच वेळ.
‘विमानाचं चालेल,’ म्हणाले.

शेवटी कुरियनसाहेबांनी एक जोडपत्र काढलं,
हप्ता दीडपट,
ताशी नव्वद किलोमीटरच्या वरचा वारा आमचा,
खालचा त्यांचा.
भाऊबंद विहीर वाटून घेतात, तसा
वाटून घेतला आम्ही.

फेब्रुवारीत शमाल उठला. दोन दिवस.
ऑफिसच्या काचांवर वाळूचा आवाज,
बोटी बांधलेल्या,
फोन सारखे: शेड उडाली, गाडीवर बोर्ड पडला,
टाकी गेली पुढच्या गल्लीत.
रम्सची फाइल मी काढूनच ठेवली होती.
तिसऱ्या दिवशी फोन आला.
‘काही झालं नाही.’
बरं, म्हटलं.
‘ते लिहून घे.’
क्लेम नसला तर लिहायचं नसतं, बाबा.
‘मोडली असती तर लिहिलं असतंस.
दोन रात्री उभी होती. लिही.’

‘इतर’ उघडलं. तारीख घातली.
वाऱ्याचा वेग विचारला.
किलोमीटर त्यांना ठाऊक नव्हते,
म्हणाले, अशा वाऱ्यात माझा बाप
शीड निम्मं गुंडाळायचा.
मी लिहिलं: निम्मं शीड.
कुरियनसाहेबांनी अजून
विचारलेलं नाही.