वीसपैकी

लोकमान्य नगरच्या मागच्या खोलीत
रात्री साडेअकराला
मी एका नॉर्वेजियन डाव्या बचावपटूला
हेडिंगचे वीसपैकी नऊ देते.
मग चित्रफीत मागे नेऊन, पुन्हा बघून,
दहा.

हे माझं काम. सांगायला अवघड.
शेजारचे पुणतांबेकर काका विचारतात, फुटबॉल खेळतेस?
नाही. खेळणाऱ्यांचे आकडे करते, व्हिडिओ गेमसाठी.
वेग, दम, डावा पाय, उजवा पाय,
चेंडू आल्यावरचा पहिला स्पर्श.
इथवर सोपं असतं.
मग येतात जिद्द, धैर्य,
संघासाठी राबायची वृत्ती.
जिद्द कशी मोजायची ते पुस्तिकेत दिलंय:
ब्याऐंशीव्या मिनिटाला, तीन गोलांनी मागे असताना
तो परत धावत येतो का, बघा.
मी बघते.
काही जण येतात.
काही जण वाकून मोजे वर ओढतात.

वीसपैकी वीस अजून कुणालाच दिलेले नाहीत.
हे आईकडून आलं.
आई तीस वर्षं बोर्डाच्या कॉप्या तपासायची,
संस्कृतच्या, कूलरसमोर,
उडू नयेत म्हणून वर पोह्यांची बशी ठेवून.
विसर्ग सुटला, अर्धा गेला.
नाव नसायचंच. नुसता रोल नंबर.

आज यादीत एक पोरगा आलाय.
तिसऱ्या फळीतल्या क्लबचा राखीव गोलकीपर, वय एकोणीस.
अकरा मिनिटांची चित्रफीत, त्यातली सात धुक्यात.
एकदा चेंडू पकडला.
एकदा पाठमोरा उभा राहून
हातमोज्यांत फुंकर मारली.
उंची आहे, वजन आहे.
धैर्याच्या रकान्यात मी शून्य टाकलं.

आई तांब्या ठेवायला आली होती.
चष्म्यावरून वाचलं तिनं.
"शून्य? एवढंसं पोर. काय केलं त्यानं?"

काही नाही गं. इथे शून्य म्हणजे
आम्हाला ठाऊक नाही.
मग जो कुणी खेळ सुरू करेल
त्याच्या घरी यंत्र फासा टाकतं.
एखाद्याकडे हा वाघ निघेल,
एखाद्याकडे कॉर्नर आला की डोळे मिटणारा.
दर खेपेला नवा.

आई पलंगाच्या कडेला टेकली.
खाली कुणीतरी ओरडलं, अरे भिया, गाडी हटा,
गाडी काही हटली नाही.

"एक कॉपी होती," ती म्हणाली. "ब्याण्णवची.
सगळी पानं कोरी. पहिल्या पानावर एकच ओळ,
'मैडम, आता कुछ नहीं, पर मैं आया हूँ.'
अक्षर चांगलं होतं गं.
शंभरपैकी शून्य दिलं मी.
दुसरं काय देणार,
रकानाच नव्हता."

तांब्या तसाच हातात घेऊन ती आत गेली.

मी ती अकरा मिनिटं पुन्हा लावली.
शेवटची शिट्टी होते, सगळे आत जातात.
तो एकटा गोलपाशी रेंगाळतो,
खांबावर बूट आपटून चिखल काढतो,
जायला निघतो, मग परत येऊन
कुणाचीतरी विसरलेली पाण्याची बाटली उचलतो.
तिथे चित्र तुटतं.

पुस्तिकेची चाळीस पानं चाळली.
शून्य तसंच ठेवलं.
त्या नॉर्वेजियनचे दहा मात्र
खोडून पुन्हा नऊ केले,
आणि पाणी प्यायला आत गेले
तर आईच्या खोलीत दिवा होता.