खालचा कप्पा

विश्रामबागेतलं दुकान, दोन मजले नुसती कपाटं.
पोरगा महावीर, कानावर पेन्सिल, हातात टेप,
एकेक दार उघडून मला आत डोकवायला लावतो.
"हे सॉफ्ट-क्लोज, मावशी. आपटत नाही."
मी आपटून पाहिलं. खरंच आपटलं नाही.
जरा वाईटच वाटलं.
तीस वर्षांत माझं जे बोलायचं राहिलं
ते आमच्या लोखंडी कपाटाच्या दारानं
वेळच्या वेळी बोलून टाकलं होतं.

अभिनंदनचं लग्न मार्गशीर्षात.
खोली दहा बाय अकरा, खिडकी एक,
आणि भिंतीवर साडेचार फुटांवर एक रेघ.
तिच्यावर आम्ही तीनदा रंग काढला,
आकाशी, मग बदामी, आता ऋजुताच्या आवडीचा मोतिया.
श्रावणात ती पुन्हा फुलते,
जुन्या लोणच्याच्या बरणीला मीठ फुलावं तशी.
होणाऱ्या सुनेला मी ती दाखवलेली नाही.

महावीर प्लायचे थर मोजून दाखवतो.
मी विचारते, पाण्यात किती दिवस टिकतं?
"ओल्या फडक्यानं पुसलं तरी काही होत नाही बघा."
ओलं फडकं!
कुठला रे तू?
"जतचा."
मग बरोबर. तुमच्याकडं टँकर येतो,
नदी येत नाही.

गावभागात आली होती. जिन्याच्या सातव्या पायरीला
खडूनं खूण करत बसलो होतो आम्ही,
पुलाला किती फूट, पुलाला किती फूट, रात्रभर तेवढंच.
कपाट तरंगलं नाही.
तोंडावर पडलं, दारं खाली घालून,
आणि नऊ दिवस तसंच राहिलं.
कटावणीनं उघडलं तेव्हा
माझ्या शालूचा रंग ह्यांच्या सगळ्या सदऱ्यांत उतरलेला.
बारा सदरे, बारा डाळिंबी.
हे म्हणाले, लग्नात लागला नाही तो रंग आता लागला.
त्यातला एक दोन वर्षं घातला त्यांनी,
पहाटे दूध आणायला जाताना.
आत्ता खाली रसवंतीत बसलेत.
म्हणाले, रंगाचं मला विचारू नका.

ऋजुताच्या मोबाइलात फोटो आहे.
पांढरंशुभ्र, मुठी नसलेलं, सरकत्या दाराला अख्खा आरसा.
ती हवेत बोटानं कप्पे आखते,
इथं लांब ड्रेस, इथं बॅगा, इथं साड्या उभ्या टांगून,
"आणि खाली माझ्या फाइली, सर्टिफिकेटं, अल्बम.
जड असतं ना, आई, जड खाली बरं."

खाली नको, म्हटलं मी.
"का?"
महावीरची पेन्सिल थांबली.
काय सांगणार? दुकानात, एसीत, त्या आरशासमोर,
जिथं आम्ही दोघी डोक्यापासून पायापर्यंत कोरड्या दिसत होतो?

म्हटलं, खाली ते ठेवायचं
जे गेलं तर रडू येणार नाही.
मानपानाची ब्लाउजपिसं.
कुणीतरी दिलेली, कुणाला तरी द्यायची चादर.
बारीक झाल्यावर घालू म्हणून ठेवलेलं.
आणि मग बोलता बोलता रेघही सांगितली,
रंग तीन, फूट साडेचार.

ती गप्प.
वाकली, तळाच्या फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केली,
कान लावून ऐकलं,
जसं कलिंगड घेताना ऐकतात.
मग उठून महावीरला म्हणाली,
"लिहा. वर माझ्या फाइली.
मधे आईंचा शालू, आणून ठेवणार आहेत त्या इथं.
खाली अभिनंदनचे कपडे."

पाय सहा इंचांचे बसवून देतो म्हणाला, जादा पैसे पडतील.
सहा इंचांनी काय होतंय, मला ठाऊक आहे.
तिलाही आता ठाऊक आहे.
बसवा म्हणालो, दोघी एकदमच.

खाली आलो तर ह्यांचा दुसरा ग्लास चालू.
"झालं? कुठला रंग?"
पांढरा.
बराच वेळ ग्लासातला बर्फ हलवत राहिले.
"बरं," म्हणाले, "माझं काही त्यात ठेवू नका."