फोटो अस्पष्ट

पामबीचच्या कॅमेऱ्याला माणसं दिसत नाहीत.
त्याला दिसते नंबरप्लेट, तारीख, वेळ
आणि कोपऱ्यात लाल आकड्यांत वेग.
ते सगळं येतं माझ्या पडद्यावर,
सानपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथला एसी इतका गार की मी मेमध्येही शाल घेऊन बसते.
मला दोनच बटणं : मंजूर. फोटो अस्पष्ट.
एका पाळीत नऊशे गाड्या.
नऊशे वेळा मी कुणाचीतरी घाई
रुपयांत मोजून पुढे पाठवते.

पहाटे दोन त्रेपन्न. पांढरी गाडी, एकशे बेचाळीस.
हिचा नंबर मला पाठ आहे, माहेरच्या फोनसारखा.
चलन जातं, त्याच दुपारी भरलं जातं,
पुढच्या शनिवारी गाडी पुन्हा हजर.
मालकाला ही शिक्षा नाही, टोल आहे.
भरला की रस्ता आपला.

आणि तो एपीएमसीतून सुटलेला टेम्पो,
साठच्या जागी अठ्ठ्याहत्तर,
मागे कोथिंबीर, उन्हाआधी पोचली नाही तर गवत.
सहा चलनं थकलेली.
लोकअदालतीत बाजीराव खुटाळ
टोपी हातात घेऊन विचारत होता,
निम्म्यात होईल का, मॅडम?

दंड वाढवा, म्हणतात सगळे.
मीही म्हणते, डबा खाताना, मोठ्याने.
मग पावती धरलेलं त्याचं बोट आठवतं,
पोत्याच्या सुतळीने चिरलेलं.
तेच दोन हजार.
एकाच्या खात्यातून जाताना वाजतही नाहीत,
दुसऱ्याकडे महिनाअखेर पंधरा तारखेलाच येते.

फेब्रुवारीत सारसोळ्याच्या चांगुणा तांडेल आल्या.
चलनाच्या खिडकीशी खरं तर त्यांचं काही काम नव्हतं.
नवरा निवट्या धरायला खाडीत जायचा.
पूर्वी ओटीवरून खाडी दिसायची,
मग मध्ये रस्ता आला,
आणि एका पहाटे रस्त्यावरून कुणीतरी.
"बाय, तुमचे मशिनीन त्या दिसाचा फोटू हाय का?"
नव्हता.
कॅमेरा नंतर बसला, अकरा महिन्यांनी,
त्याच वळणावरच्या खांबावर.
थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या,
"मंग आता जो पलवतो, त्याला कवरा लागतो?"
मी आकडा सांगितला.
त्यांनी तो ओठांत एकदा म्हणून पाहिला
आणि भाव ऐकून पुढच्या पाटीकडे जावं
तशा उठून गेल्या.
कमी वाटला की जास्त, मला कळलं नाही.

काल, रात्री नऊ चाळीस. दुचाकी. त्र्याऐंशी.
पाठीवर चौकोनी पिशवी,
हेल्मेटवर रेडियमचा मोर.
तो मोर मीच चिकटवलाय.
सुयोग.
दहा मिनिटांचं वचन देणारा दुसराच कुणी,
पाळणारा माझा भाऊ.
उशिराचे पैसे त्याचे रोज कापले जातात,
त्याला कॅमेरा लागत नाही.

पाऊस नव्हता, धुकं नव्हतं. फोटो आरशासारखा लख्ख.
तरी बोट 'अस्पष्ट'वर जाऊन बसलं होतं.
एवढ्यात चौकटीच्या कडेला, दुभाजकापाशी,
कुणीतरी दिसलं, हातात पाटीसारखं काही,
ओलांडायला थांबलेलं.
मी मोठं करून पाहिलं.
बाई की बाप्या, तेही कळेना. नुसते ठिपके.
अजून मोठं केलं. अजून ठिपके.

मंजूर.

सकाळी चहा घेता घेता त्याने मोबाइल पाहिला
आणि शिव्या घातल्या, सरकारला, खांबाला,
दर वाढवणाऱ्यांच्या सात पिढ्यांना.
"ताई, तुमच्यात रात्रपाळीला कोण बसतं गं?"
मी विरघळलेली साखर पुन्हा ढवळत राहिले.

तो आंघोळीला गेला तेव्हा
त्याच्या पाकिटात हजार रुपये सरकवले.
दारापर्यंत जाऊन परत आले.
पाचशे काढून घेतले.
पाचशे राहू दिले.