बावीस सेकंद

एका गुळगुळीत मासिकात छापून आलं होतं :
वजन फार. वळणावर आळशी.
मागच्या सीटवर माणूस मावत नाही, पिशवी मावते.
टप मध्येच अडकतो.
शेवटचं वाक्य मला पाठ आहे,
'ही धड स्पोर्ट्स नाही, धड आरामाचीही नाही.'

लिहिणाऱ्यानं ती एक दिवस चालवली.
मी अकरा वर्षं.

उद्यमबागेत माझी शेड आहे,
हायड्रॉलिक सिलिंडर करतो.
टप अडकायचा, हे खरं. खोटं कशाला बोलू.
अर्धा उघडून उभा राहायचा,
जांभई देताना मान धरल्यासारखा.
शोरूमवाले म्हणाले, सगळी असेंब्लीच बदला.
आकडा ऐकून बायकोनं घरातला पंखा बंद केला.

त्या रात्री सिलिंडर उतरवला.
आत करंगळीच्या नखाएवढं सील, एका बाजूनं फाटलेलं.
एवढंच.
आमचा जुना टर्नर, कृष्णा बेळगुंदकर,
दोन वर्षांमागं रिटायर झालेला,
त्याला स्कूटरवर मागं बसवून आणला.
त्यानं पॉलियुरेथेनच्या कांडीतून दुसरं काढलं,
चष्मा कपाळावर, तोंडात सुपारी.
टप उघडायला बावीस सेकंद.
आजही बावीस.
चपलेचा अंगठा तुटला म्हणून
पाय बदलतात का कोण?

ह्या भागात अशा तीनच गाड्या.
दुसरी निपाणीच्या डॉक्टर सुनंदा मगदूम यांची, दातांच्या.
तंबाखूचा हंगाम आला की
सीटच्या कातड्याला आठ-आठ दिवस वास राहतो.
'बाईमाणसाला कशाला असली गाडी' हे त्यांनी
पेशंटच्या तोंडून ऐकलंय, जबडा उघडा असताना.
त्या म्हणतात, दिवसभर मी लोकांच्या तोंडात बघते,
संध्याकाळी जरा
तोंड वर करून बघते.

तिसरी गोकाकच्या बाळगौडा हुक्केरींची.
ते कन्नडमध्ये रागावतात, मराठीत हिशेब करतात.
मासिक वाचून दाखवलं तर आधी,
'याव मगा बरदानरी इदन्न?'
मग भजी खाली ठेवून,
'वजन फार म्हणं! वजन नसतं तर
चोर्ल्याच्या वाऱ्यानं गोव्यात नेऊन टाकली असती.'

खानापूरच्या अलीकडं, एका हॉटेलच्या आवारात,
महिन्यातून एका रविवारी आम्ही बसतो.
तिन्ही गाड्या उघड्या, सीटवर चिंचेचा पाला.
मी ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं,
धड ही नाही, धड ती नाही.
बाळगौडा म्हणाले, 'आमच्याबद्दल तर
दोन्हीकडं असंच म्हणतात की.'
डॉक्टर हसल्या. मीही.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही,
आणि पोऱ्यानं न सांगता
आणखी एक प्लेट मिरची भजी आणून ठेवली.

राहिली गोष्ट मागच्या सीटची.
गेल्या माघात मी कृष्णाला म्हटलं, चल.
पुढं बायको होती, म्हणून तो मागं,
आडवा, गुडघे हनुवटीपाशी,
टोपी दोन्ही हातांनी धरलेली.
मावला.
चाळीस वर्षं पत्र्याखाली उभा राहिलेला माणूस,
मला वाटलं, आभाळ बघेल,
काहीतरी म्हणेल.
किणयेच्या पुढं झाडं दोन्हीकडनं जवळ आली,
ऊन त्याच्या तोंडावर तुकड्यातुकड्यानं पडत होतं,
आणि तो डोळे मिटून बसलेला.
बायको म्हणाली, झोपले वाटतं.

जांबोटीला गाडी थांबवली, टप मिटायचं बटण दाबलं.
त्यानं मान तिरकी केली, कान लावला.
पंप घुमला. दांडे हलले.
बावीस.
मग डोळे उघडून,
सबंध रस्त्यात पहिल्यांदा बोलला,

'धरलंय की.'